आत्यांचा खंडेनवमीचा फोटो

कॅमेऱ्याला गंध नेमकं कुठं लावायचं, यावरून खंडेनवमीच्या सकाळी नरसिंगरावांच्या घरात पहिली चकमक उडाली. राजलक्ष्मीबाई गंधाची वाटी घेऊन थेट भिंगाकडे निघाल्या होत्या. देवाला कपाळावर, स्कूटरला दिव्यावर, तसं कॅमेऱ्याला डोळ्यावर, असा त्यांचा सरळ हिशेब.

"अगं, अगं, अगं! काचेवर नको!" नरसिंगराव ओल्या पंच्यानिशी धावत आले.

"मग कुठं लावू? पाठीला? पाठीला गंध लावतात का कुणी?"

"कुठंही लाव, पण काच सोड."

भिंगाच्या बाजूला, समोरच्या अंगाला एक बारीकशी दांडी होती. राजलक्ष्मीबाईंनी तिच्यावर ठसठशीत गंध थापलं, त्यावर हळदकुंकू, त्यावर अक्षता आणि डोक्यावर शेवंतीचं फूल. मग त्या पुढच्या आयुधाकडे वळल्या. बाई कामाला पक्क्या. विळी, मिक्सर, शिलाई मशीन, पक्कड, झाडून सगळे स्क्रू ड्रायव्हर, नरसिंगरावांचं ऑफिसचं पेन, कुणालाही त्यांनी वगळलं नव्हतं. माडीवरच्या खोलीत शुभंकर नावाचा पुण्याचा मुलगा भाड्यानं राहायचा, सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याच्या कॉम्प्युटरच्या कपाळीही सकाळीच कुंकू लागलं होतं, त्यामुळे तो बिचारा आज बेकार होऊन खाली कॉफी पीत बसला होता. पूजा झाली की त्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा त्या घरातला नियम.

नरसिंगराव तसे मवाळ गृहस्थ. एका विमा कचेरीत हेडक्लार्क. बायकोनं सांगितलेलं त्यांना पटायचं, आत्यानं सांगितलेलंही पटायचं, आणि दोघींनी एकाच वेळी उलटसुलट सांगितलं की त्यांना काही म्हणजे काही कळेनासं व्हायचं. आज नेमका तसलाच दिवस उजाडला होता.

कॅमेरा त्यांनी रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेला. जर्मन, जुनाट आणि वजनाला वरवंट्यासारखा. आणला तो एकाच कामासाठी: शारदाआत्यांचा फोटो काढायला. नरसिंगराव रांगत होते तेव्हाच त्यांची आई गेली. तिचा एकही फोटो नाही. आईचा चेहरा आठवायला बसलं की डोळ्यांपुढं येतात त्या आत्याच, कारण लहानाचं मोठं त्यांनीच केलेलं. आता आत्या ऐंशीच्या पुढं गेल्या होत्या. आनेकलला मुलाकडे राहायच्या, नवरात्रात भाच्याकडे यायच्या. आणि त्यांचाही एकसुद्धा फोटो नव्हता. आईचा चेहरा गेला तो गेला, आत्यांचा तरी आपल्यापाशी राहावा, एवढंच नरसिंगरावांना हवं होतं. त्या विचारानं त्यांना अलीकडे झोप लागत नसे.

पण आत्या कॅमेऱ्यापुढं यायलाच तयार नव्हत्या.

"आमच्या घरात फोटो काढला की माणूस भिंतीवर जातं," त्या म्हणायच्या. "मामंजींचा काढला, ते गेले. सासूबाईंचा काढला, त्या गेल्या. ह्यांचा काढला, हे गेले."

"आत्या, आतोबांचा फोटो त्यांच्या तरुणपणातला आहे. ते गेले म्हातारे होऊन."

"पण गेले की नाही?"



यंदा मात्र आत्या आनेकलहून येतानाच तोड काढून आल्या होत्या. आज पूजेची घंटा थांबली आणि त्यांनी नरसिंगरावांना जवळ बोलावलं.

"नरसू, खंडेनवमीला आयुधं पूजेला बसतात. आज तलवारसुद्धा कुणाला कापत नाही. मग तुझं हे डबडं मला काय करणार? काढ फोटो. पण एकच. आणि आजच. उद्या ते परत मोकळं झालं."

नरसिंगरावांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. ते कॅमेरा उचलायला वाकले, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"हात लावायचा नाही हं! पूजा झालीय त्याची."

"अगं, पण आत्याच म्हणते..."

"आणि हा नियम मला शिकवला कुणी? आत्याबाईंनीच. लग्न होऊन आले त्या वर्षी मी खंडेनवमीला विळीवर नारळ खवला, तर महिनाभर ऐकवत होत्या."

"ते खरंय," आत्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "पूजेच्या वस्तूनं काम करायचं नाही."

नरसिंगराव वाकलेले तसेच राहिले. पूजेआधी फोटो काढला असता तर आत्यांना बाधला असता. पूजेनंतर काढला तर देवीला चालत नाही. उद्या काढावा तर परत आत्यांना बाधतो. मग हा फोटो काढायचा तरी कधी?

"काका, सिंपल आहे," शुभंकर कॉफीचा पेला खाली ठेवत म्हणाला. "सेल्फ टायमर लावा. ही पुढं दांडी आहे ना, ती खाली ओढून बटण दाबायचं. मग तो आपला आपण फोटो काढतो. टेक्निकली तुम्ही काढतच नाही."

सगळ्यांनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी डोळे मिटून थोडा विचार केला आणि निकाल दिला.

"वात आपण पेटवतो, जळते ती आपली आपण. तसं असलं तर चालेल. एकदाच बोट लाव. दुसऱ्यांदा लावलंस तर ते काम झालं."

"सरी," राजलक्ष्मीबाईंनीही मान्य केलं. "एकदाच."

कॅमेरा पाटासकट उचलून अंगणात स्टुलावर नेला, म्हणजे पाटाला हात लागला, कॅमेऱ्याला नाही. समोर खुर्ची मांडली. आत्या हिरव्या काठाचं लुगडं नेसून, पदर सारखा करून, ओठ घट्ट मिटून बसल्या. नरसिंगरावांनी हात पाठीशी बांधून, वाकून कॅमेऱ्याच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. आत्या बरोबर मधोमध होत्या. त्यांना एकदम भरून आलं. मग त्यांनी एका बोटानं गंधाची दांडी ओढली, बटण दाबलं आणि ते बाजूला झाले.

घर्रर्रर्र...

दांडी हळूहळू वर चढू लागली. अर्ध्यावर आली. आणि थांबली.

 आत्या श्वास धरून बसल्या होत्या. बराच वेळ झाल्यावर त्यांनी ओठ न हलवता विचारलं, "झाला?"

"नाही वाटतं."

"वाटतं म्हणजे काय?"

"आवाज नाही आला." नरसिंगराव पुढून बघायला निघाले.

"पुढं जाऊ नकोस, मेल्या! तुझाच निघेल!"

नरसिंगराव उडी मारून मागं आले. खरंच की! फोटो आता कधी निघेल याचा काय नेम? या क्षणी, दुपारी, संध्याकाळी, केव्हाही. आणि फोटो एकच. त्या वेळी खुर्चीत आत्या नसल्या, किंवा मध्ये दुसरं कुणी आलं, तर संपलंच सगळं. म्हणजे आत्यांनी उठायचं नाही, कुणी आडवं जायचं नाही, आणि कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

"काका, रिस्टार्ट मारून बघा ना."

"कसा मारू? बोट एकदाच लावायचं होतं. ते लावून झालं."

"ओह. मग हँग झालंय."

"कुणामुळे झालं असेल?" असं नरसिंगरावांनी नुसतं हवेत विचारलं. पण लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बाईला हवेतले प्रश्न बरोबर कळतात.

"माझ्या गंधामुळे म्हणायचंय ना? म्हणा की! स्कूटरला लावलं, ती चालते. मिक्सरला लावलं, तो चालतो. तुमचंच यंत्र तेवढं सोवळं!" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आणि काल माझ्या मशीनच्या तेलाची बुधली घेऊन कोण बसलं होतं? ते का नाही सांगत?"

नरसिंगराव वरमले. दांडी जरा जड वाटली म्हणून त्यांनी काल शिलाई मशीनचं तेल तिच्या फटीत सोडलं होतं खरं. दोन थेंब सोडायला गेले, तर बुधलीच कलंडली होती.

"किरणकुमारला बोलावू," ते विषय बदलत म्हणाले.

किरणकुमारचं समोरच्याच गल्लीत रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. आज अर्थात दुकान बंद, दाराला केळीचे खुंट बांधलेले आणि हत्यारं पूजेत. फोटोच्या आड येऊ नये म्हणून तो फाटकातून आत आला तो भिंतीला चिकटून, चोरासारखा वाकून. हातही त्यानं मागं बांधून घेतले, चुकून सवयीनं लागायला नकोत. मग कॅमेऱ्याजवळ कान नेला.

"जिवंत आहे, अण्णा. आत स्प्रिंग ताणून बसलीय."

"मग अडलंय कुठं?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू? आणि आज उघडायचं नाही. तेलबिल घातलं होतं का?"

"स्वल्प."

"कुठलं?"

"शिलाई मशीनचं."

"अय्यो अण्णा! ते चिकट होतं हो!"

"बघा!" राजलक्ष्मीबाईंनी टाळी वाजवली.

"गंधही वाळलं की चिकटतं, अक्का," किरणकुमार म्हणाला. "आणि फटीत तांदळाचा दाणा दिसतोय एक."

राजलक्ष्मीबाईंना एकाएकी पुरणाची आठवण झाली आणि त्या आत निघून गेल्या.

किरणकुमारच्या मते तेल असो, गंध असो, थोडी ऊब दिली की ढिलं पडायला हवं होतं. पण ऊब द्यायची कशानं? इस्त्री पूजेत होती. टेबललॅम्पलाही कुंकू होतं. घरभर हिंडून नरसिंगराव असं एखादं यंत्र शोधू लागले की ज्याला बायकोनं गंध लावलेलं नाही. सापडेना. कोळशाच्या चिमट्यालासुद्धा फूल वाहिलेलं होतं. ते परत अंगणात आले, तेव्हा शुभंकर जरा लाजून म्हणाला, "काका, माझ्याकडे एक आहे. कपाटात होता, म्हणून काकूंना दिसला नाही. हेअर ड्रायर."

सगळे त्याच्या केसांकडे बघू लागले.

"ते काय असतं?" आत्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"केस वाळवायचं मशीन, आजी."

"का रे? पंचा नाही का तुझ्याकडं?"

तरीही बिनपूजेचं म्हणून त्याला परवानगी मिळाली. खिडकीतून वायर ओढली आणि शुभंकर स्टुलाच्या मागं उकिडवा बसून कॅमेऱ्यावर गरम वारा सोडू लागला. शेवंतीचं फूल उडून तुळशीत पडलं. अक्षता उडाल्या. वाळलेलं कुंकू उडून थेट समोर गेलं आणि आत्यांना सटासट शिंका आल्या.

"आता नको निघू देऊ रे!" त्या पदरानं नाक पुसत ओरडल्या, जणू तो शुभंकरच्या हातात होता.

घर्र.

सगळे ताठ झाले. आत्यांनी पदर सोडून ओठ मिटले. किरणकुमार भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दांडी गव्हाएवढी वर सरकली, आणि पुन्हा थांबली.

असं बरेचदा झालं. गरम वारा सोडला की घर्र, आत्या ताठ, आणि पुढं काही नाही. मधूनच शेजारच्या बायका हळदकुंकवाला आल्या, त्यांना फाटकातच "वाका, वाका" म्हणून ओरडून सांगावं लागलं. त्या बिचाऱ्या हातात ताटं घेऊन, भरजरी साड्या सांभाळत रांगल्यासारख्या आत गेल्या, आणि या घरात नवीन काय प्रथा सुरू झालीय हे एकमेकींना विचारत बसल्या. एक जण तर ती सोवळ्यातली पद्धत असावी म्हणून परत जातानाही वाकूनच गेली, तेव्हा कुणी सांगितलंही नव्हतं.

नैवेद्य झाला. पुरणपोळ्यांचा, म्हणजे त्या घरच्या भाषेत ओबट्टूचा, तुपाचा वास अंगणात आला. आत्यांच्या आवडीचा पदार्थ. पण खुर्ची सोडता येईना, आणि खुर्चीत बसून खावं तर घास तोंडात असतानाच फोटो निघायचा.

"गाल फुगलेला फोटो भिंतीवर लावाल माझा," त्या म्हणाल्या. "मला नको ओबट्टू."

"आत्या, जाऊ दे," नरसिंगराव शेवटी कळवळून म्हणाले. ऊन थेट म्हातारीच्या तोंडावर येऊ लागलं होतं. "ऊठ तू. जेव. नसला नशिबात फोटो तर नसला."

 आत्यांनी भाच्याकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेला, डोक्याला टक्कल पडलेला हा गृहस्थ, आणि ओठ कसा काढला होता, थेट चार वर्षांच्या पोरासारखा. आत्यांचा जीव कळवळला आणि त्याबरोबर त्यांना संतापही आला. भाच्याचा नाही, कॅमेऱ्याचा.

त्या खुर्चीतून उठल्या. तरातरा स्टुलापाशी आल्या.

"आत्या, हात लावू नकोस! पूजेचंय!"

"आत्याबाई!"

"माझ्या पोराला रडवतंस?" आत्या कॅमेऱ्यावर कडाडल्या. "उपाशी बसवतंस मला? देऊ का एक ठेवून?" आणि त्यांनी हात उगारला.

घर्रर्रर्र खट्.

आत्यांचा हात वरच राहिला. 

"घाबरलं बघ," आत्या म्हणाल्या. "आणि मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

मग एकच गलका उडाला. शुभंकर म्हणत होता, हे ड्रायरच्या उष्णतेनं झालं. किरणकुमारच्या मते आत्या पाय आपटत आल्या, त्या धक्क्यानं स्प्रिंग सुटली. राजलक्ष्मीबाई देवीला हात जोडून मोकळ्या झाल्या. आत्यांनी मात्र यात डोकं घातलं नाही. त्या आत जाऊन पानावर बसल्या. फोटो निघाला, एकच ठरला होता, तो झाला, आता विषय बंद. दसरा झाल्यावर त्या मुलाबरोबर आनेकलच्या बसमध्ये बसल्या आणि खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "आला की आणून दाखव."

फोटो धुऊन आणायला नरसिंगराव गेले, तेव्हा स्टुडिओवाल्यानं पाकीट देताना त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. पाकिटात एक हात होता. फोटोभर नुसता उगारलेला हात. जरासा धूसर, पण पाचही बोटं स्वच्छ ओळखू येत होती. चेहरा त्या हाताच्या मागं संपूर्ण झाकला गेला होता. कडेला हिरव्या काठाचा एक कोपरा तेवढा दिसत होता.

"वाया गेला की हो," राजलक्ष्मीबाई हळहळल्या.

 वाया गेला म्हणावं तर हात आत्यांचाच होता, ती वाकडी करंगळी नरसिंगरावांनी कुठंही ओळखली असती. याच हाताचे घास खाल्ले होते आणि याच हाताचे धपाटेही. आला म्हणावं तर चेहरा नव्हता. हसावं की रडावं, हेच त्यांना कळेना. त्यांनी फोटो पाकिटात घातला, किरणकुमारनं तांदूळ काढून स्वच्छ केलेला कॅमेरा पिशवीत टाकला आणि रविवारी आनेकल गाठलं.

आत्यांनी चष्मा लावून फोटो उन्हाकडे धरला.

"हा हात आहे."

"हो."

"माझाच आहे. करंगळी बघ. तोंड कुठाय?"

"हाताच्या मागं."

आता आपली खैर नाही म्हणून नरसिंगराव मान खाली घालून बसले.  आत्या मात्र आपला उजवा हात उलटासुलटा करून बघत होत्या. मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली.

"याला किती दिवस झाले रे?"

"पंधरवडा झाला."

"काही झालं नाही त्याला. काल याच हातानं चकल्या पाडल्या." आत्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "कॅमेरा आणलायस?"

"आणलाय. पण आत्या, आज खंडेनवमी नाही."

"नसू दे. आज कान काढ."

"कान?"

"सगळं एकदम नको. हात निघाला, तो टिकला. आता एक कान काढ. वर्षभर बघू. टिकला तर पुढच्या वर्षी आणखी काहीतरी."

"आणि तोंड?"

"सगळ्यात शेवटी."

नरसिंगराव गोंधळून आत्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. कान, नाक, कपाळ, हनुवटी. मोजता मोजता त्यांचा चेहरा उजळत गेला. आज कित्येक महिन्यांनी त्यांना इतकं बरं वाटत होतं. त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला.

"कुठला कान, आत्या? दोन आहेत."

"डावा," आत्यांनी मान वळवून पदर मागं सारला. "गेला तर गेला. तसंही त्यानं मला काही ऐकू येत नाही."

"बरं. उजवा पुढच्या वर्षी," नरसिंगराव कॅमेऱ्याला डोळा लावत घाईघाईनं म्हणाले. "आणि डोळेसुद्धा वेगवेगळे काढू हं. एकदम नको."